कपाटातला पंखा

आमच्या लॅबमध्ये माणसाच्या जिवापेक्षा मोठं काहीच नाही, असं साहेब दर सोमवारी सांगतात. फक्त त्यांचा फोन आला की घशाचे नमुने उघडायच्या काचेच्या कपाटातला पंखा बंद करायचा, कारण घरघरीत त्यांना ऐकू येत नाही. नमुन्यातले विषाणू आमच्या नाकापर्यंत येऊ न देणारा तेवढा एकच पंखा.

त्या दिवशी फोन वाजला तरी नमुने उघडणाऱ्या ताईने बटण बंद केलं नाही. तिला सकाळपासून कणकण होती आणि घरी अंगावर पिणारं बाळ होतं.

"अहो ताई, पंखा!" साहेब ओरडले.

"राहू दे चालू. तुम्ही बाहेर जाऊन बोला."

"एवढ्या काय नाजूक झालात? इतक्या वर्षांत कुणाला काही झालं?"

"साहेब, आपण जगाचं तपासतो. आपलं कुणी तपासलंय?"

साहेबांनी स्वतः येऊन बटण बंद केलं. "आता कसं शांत वाटतं," म्हणाले.

ताईने हातमोजे काढले. मेकॅनिक येऊन पंखा बिनआवाजाचा करेपर्यंत एकही बाटली उघडणार नाही, म्हणाली.

दुपारी मेकॅनिकने मागचं झाकण काढलं. बटणाने नुसता दिवा लागत होता. पंख्याची वायर कपाट आल्यापासून जोडलेलीच नव्हती. घरघर शेजारच्या फ्रिजची होती.