पायाखालचं लोखंड

मी शिलाई मशीनचं पायडल. टेबलाखाली असतो, म्हणून कोणी बघत नाही. आज बोलतो. थोडकंच.

साच्यात ओतलं तेव्हा माझ्या अंगावर नक्षी होती. एकतीस वर्षांत ती शिंपी मास्तरांच्या अनवाणी तळव्यांनी गुळगुळीत झाली. शाळेचे गणवेश, वकिलांचे डगले, सगळं त्यांनी माझ्या जोरावर शिवलं.

गेल्या साली त्यांचा उजवा पाय गार पडायला लागला. सगळ्यांच्या आधी मला कळलं. एक बाही होईतो पोटरीत गोळा यायचा. समोर गिऱ्हाईक असलं की मास्तर थांबून सुईत दोरा ओवायचं नाटक करायचे. मी लोखंड. ओरडणार कसा?

पायाचं बोट काळं पडलं, तेव्हा कुठे दवाखान्यात गेले. मोठी चिरफाड झाली नाही. डॉक्टरांनी जांघेतून तार घालून आखडलेली रक्तवाहिनी फुग्याने उघडली, आत बारीक जाळी बसवली. तिसऱ्या दिवशी मास्तर चालत घरी आले. "काम करा, चाला," असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

पण आतली जाळी दुमडेल, या धास्तीने मास्तरांनी माझ्यावर पाय ठेवणंच सोडलं. रोज सकाळी टेपने पोटरी मोजायची, आकडा खडूने टेबलावर लिहायचा. एक सूत फरक पडला की घाम फुटायचा. शिवायचं असलं की त्यांची बायको खाली बसून मला हाताने दाबायची.

"अहो, मी काय तुमची मोटार आहे?"

"हळू दाब. शिवण वाकडी जातेय."

"जाऊ दे! डॉक्टरांनी पाय बरा केला, तो काय कपाटात ठेवायला?"

"आणि जाळी तुटली, तर तू शिवणार आहेस?"

दोन महिने हेच. काल तिचा अंगठा सुजला. मास्तरांनी तो टेपने मोजला. पुन्हा मोजला. उजवा पाय माझ्यावर ठेवला.

अर्धी बाही. पाऊण बाही. गोळा आला नाही. बाही पुरी झाली, तरी टेबल घट्ट धरून ते गोळ्याची वाट बघत बसले.

पाय गरम होता. मला कळत होतं, त्यांना नाही.

भीती मलाही आहे. वाहिनी पुन्हा आखडू शकते म्हणे. तसं झालं तर आधी मलाच कळेल, आणि मी गप्पच राहीन. म्हणून मास्तर, एकच मागणं. तो टेप ठेवा बाजूला, त्याला गारवा कळत नाही. रोज बायकोला पायाला हात लावून बघू द्या. गार लागला, तर या वेळी लपवू नका.