सोनेरी पाठ, नारिंगी पोट

ग्रेचेननं गाठीला थुंकी लावली, गाठ आवळली, तंगुसाचं, म्हणजे गळाच्या दोरीचं, उरलेलं टोक दातांनी तोडलं आणि आमिष बोटीच्या कडेनं पाण्यात सोडलं. बोट संथ चालत होती. बोटभर लांबीचा तो लाकडी मासा कडेकडेनं वळवळत आला, पण उजवीकडे झुकत. तिनं तो वर काढला, त्याच्या नाकातली तार चिमट्यानं केसभर डावीकडे वाकवली आणि पुन्हा सोडला. आता तो सरळ पोहला.

"झालं का गं?" मागच्या बाकावरून इर्मानं विचारलं. "तिकडे मासे म्हातारे होऊन मरायला लागले."

"वाकडं चालणारं आमिष मासा घेत नाही."

"मासा शहाणा म्हणायचा. वाकडे चालणारे नवरे आपण बायका बऱ्या घेतो."

ग्रेचेन हसली नाही, पण रागावलीही नाही. इर्मा तिची नणंद. सहासष्ट वर्षांची, गुडघ्यांनी जेरीस आलेली, जिभेनं मात्र धडधाकट. तीन वर्षांपूर्वी ग्रेचेनचा नवरा नॉर्ब घर सोडून फ्लोरिडाला आपल्या भावाकडे गेला तेव्हा इर्मानं सख्ख्या भावाची बाजू घेतली नाही. भावजयीच्या स्वयंपाकघरात येऊन बसली आणि म्हणाली, "तो गाढव आहे. कॉफी टाक." त्या वसंतापासून ती बोटीवर येते. तिला मासेमारीतलं ओ की ठो कळत नाही, पण जाळी धरता येते.

एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. सकाळचे सात वाजले होते आणि वरच्या सफरचंदाच्या बागांमधून दोन दिवसांच्या पावसाचं पाणी ओढ्यानं खाली आणून सरोवरात ओतलं होतं. एरवी ऑन्टारिओ सरोवराचं पाणी या दिवसांत हाडं गोठवतं. ओढ्याच्या मुखाशी मात्र ते अंमळ कोमट असतं, म्हणून बारकी मासळी तिथं गोळा होते आणि तिच्या मागावर मोठे ब्राउन ट्राउट मासे सात-आठ फूट पाण्यात येऊन उभे राहतात. इतक्या उथळ पाण्यात बोटीच्या आवाजानं ते बिचकतात. म्हणून आमिष सरळ बोटीमागे सोडायचं नाही, तंगूस लाकडाच्या फळीला अडकवायचा. ती फळी बाजूला लांबवर धावते आणि आमिषाला बोटीपासून दूर नेते. ग्रेचेनच्या दोन फळ्या डावीकडे होत्या, दोन उजवीकडे.

या चार दोऱ्यांवर काय बांधायचं, हे तिच्याइतकं आमच्या बंदरात कुणाला कळत नाही. ती आधी आभाळ बघते, मग पाण्यात हात घालून बोटं कुठपर्यंत दिसतात ते बघते आणि मग डबा उघडते. नितळ पाणी असलं तर चंदेरी, निळसर. गढूळ असलं तर सोनेरी, नारिंगी, कधी भडक पोपटी. आणि हे सगळं ठरवून झाल्यावर शेवटी जे मनाला येईल ते. चोवीस वर्षं ती आमिष बांधत होती आणि नॉर्ब बोट चालवत होता. त्याला रंगातलं काही कळायचं नाही. त्याला वेग कळायचा. इंजिनावर हात ठेवून, तंगुसाच्या आवाजावर कान ठेवून तो बोट अशी चालवायचा, की आमिष जिवंत वाटावं. लोक म्हणायचे, या दोघांना एकेकटं सोडलं तर उपाशी मरतील.

सोडल्यावर उपाशी कुणी मेलं नाही, पण मासे निम्मेही लागेनात.

भांडण कसलं, तर हिवाळ्याचं. नॉर्ब म्हणाला, माझे सांधे आता हे बर्फ सोसत नाहीत, चल दक्षिणेला. ती म्हणाली, मी या पाण्यापासून हलणार नाही. शब्दानं शब्द वाढला आणि सामान गाडीत भरणाऱ्या नवऱ्याला ती दारातून ओरडली, "पुन्हा या दारात पाऊल ठेवू नकोस." बोलून चुकलेली माणसं दुसऱ्या दिवशी फोन करतात. तिनं केला नाही. त्यानंही केला नाही. गेल्या ऑक्टोबरात तो परत आला, पण दाराशी आला नाही. खाडीपलीकडच्या बागेमागं एक जुनं, चाकांवरचं फिरतं घर भाड्यानं घेतलं, एक पत्र्याची बोट घेतली, आणि बर्फ विरघळल्यापासून रोज पाण्यावर असतो. तिच्यापासून अर्धा मैल बाहेर. त्याहून जवळ कधी येत नाही.

"तू त्याला दाराशी येऊ नकोस म्हणालीस," इर्मा मागे एकदा म्हणाली होती. "आमच्या घरात मठ्ठ माणसाला सांगितलेलं अक्षरशः कळतं. पाणी म्हणजे काही तुझं दार नाही, असा हिशेब केला असेल त्यानं."

ग्रेचेनला हे ठाऊक होतं. रोज सकाळी धक्क्यावरून निघताना आधी ती बाहेर बघायची, पत्र्याची बोट दिसते का. दिसली की बरं वाटायचं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचाच राग यायचा. रात्री पलंगाच्या आपल्याच कडेला झोपायची. मधे सरकणं तिला अजून जमलं नव्हतं.

रेडिओ खरखरला.

"काय नॉर्ब, आज तरी लागलं का काही?" हा स्टॅन कोवाल. बंदरातला सगळ्यात मोठा आवाज आणि सगळ्यात लहान मासे याचे.

"नाही," नॉर्बचा आवाज आला. थकलेला, नेहमीचा.

"काय लावलंयस?"

"चंदेरी."

"या गढूळ पाण्यात चंदेरी! अरे, मासा काय कंदील घेऊन शोधणारेय का?" दोन-तीन बोटींवरून हसणं ऐकू आलं. ग्रेचेननं ओठ आवळले. चंदेरी लावायचं कुणी सांगितलं याला, असं तिच्या मनात आलं, आणि त्याला रंग सांगणारी एरवी आपणच होतो हेही.

"हसा," नॉर्ब म्हणाला. "दोनच दिवस हसायचंय. शनिवारी बोट पाण्याबाहेर काढतोय, गिऱ्हाईक मिळालं. रविवारी निघतो."

"फ्लोरिडा?"

"फ्लोरिडा."

इर्मानं विणकाम मांडीवर ठेवलं आणि भावजयीच्या पाठीकडे बघत राहिली.

"ऐकलंस?"

"बहिरी नाहीये मी."

"मग?"

"मग काय? जायचं तर जाऊ दे. मी काय पाय धरू?" तिनं सुकाणू वळवलं, उगाचच, जरा जास्तच. बोट ओढ्याच्या मुखासमोर डावीकडे वळली. समोर पाण्यावर रेष दिसत होती, अलीकडे चहासारखं गढूळ पाणी, पलीकडे हिरवं नितळ. बोट रेषेला लागून फिरली तशी डावीकडची आतली फळी मागे खेचली गेली आणि बुडाली.

"मासा!" इर्मा ओरडली.

पुढची दहा मिनिटं कुणी फ्लोरिडाचं नाव काढलं नाही. मासा आधी बाहेर धावला, मग तळाशी बसला, मग उलट बोटीकडेच आला आणि ग्रेचेन वेड्यासारखी रीळ फिरवत राहिली. इर्मानं पहिल्यांदा जाळी उलटी धरली, दुसऱ्यांदा स्वतःची टोपी पाण्यात पाडली आणि तिसऱ्यांदा देवाचं नाव घेऊन मासा वर काढला. चौदा पौंडांच्या वरच होता. पिवळंधमक पोट, अंगावर तांबडे-काळे ठिपके, वाकडा जबडा. जबड्यात सोनेरी पाठीचं, नारिंगी पोटाचं आमिष.

बायका मासा बघत उभ्या राहिल्या. असा मासा हातात आला की पहिल्यांदा कुणाला दाखवावासा वाटतो, त्यावरून माणसाला स्वतःचं कळतं. ग्रेचेननं मान वर केली ती थेट बाहेर, अर्धा मैल.

रेडिओवर लगेच स्टॅन बोलला. "ग्रेचेन, जाळी दिसली आम्हाला. केवढा? कशावर?"

आता इथं एक सांगायला हवं. आमच्या बंदरात रेडिओवर खोटं बोलणं पाप समजत नाहीत. रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारी माणसंसुद्धा निळ्यावर मासा लागला तर पोपटी सांगतात, आठ फुटांत लागला तर वीस सांगतात. विचारणाराही उत्तर ऐकतो ते तेवढं वगळण्यासाठी. ग्रेचेन तर यात पटाईत. तिनं सांगितलेल्या जागी मासा असण्याची भीतीच नाही, असं स्टॅन म्हणायचा.

ग्रेचेननं माईक हातात घेतला. बटण दाबलं नाही.

"सांग की नेहमीसारखं काहीतरी," इर्मा म्हणाली.

ग्रेचेननं बटण दाबलं.

"चौदा पौंड," ती म्हणाली. "सोनेरी पाठ, नारिंगी पोट. चार इंची, लाकडी. फळीच्या मागे सत्तर फूट तंगूस सोडलाय. पाणी सात फूट. ओढ्याच्या मुखासमोर गढूळ पाण्याची रेष आहे, तिच्या नितळ बाजूनं चालायचं. गढुळात शिरायचं नाही. आमिषाला गाठ ढिली मारायची, म्हणजे ते मोकळं हलतं." ती थांबली. "मासे आणखी आहेत. रविवारपर्यंत तरी हलणार नाहीत."

लगेच स्टॅनचं खो खो हसणं ऐकू आलं.

"काय बाई आहे! गाठ कशी मारायची तेसुद्धा! ऐकलंत ना मंडळी? म्हणजे चंदेरी लावा आणि बाहेर खोल पाण्यात चला."

बोटींनी भराभर दोऱ्या आवरल्या. एकेकीचं इंजिन वाढलं. पाच बोटी उथळ पाण्यात होत्या, पाचही नाक वळवून उत्तरेला निघाल्या. ग्रेचेन बाहेर बघेना. तिनं मासा खोक्यातल्या बर्फावर ठेवला, आमिषाचे वाकलेले गळ सरळ केले, फळी पुन्हा पाण्यात सोडली, सगळं हळूहळू. अठ्ठावन्नाव्या वर्षी ही काय तऱ्हा, असं तिला वाटलं.

"अगं," इर्मा म्हणाली.

"काय?"

"सगळ्या बाहेर चालल्यात. एक आत येतेय."

पत्र्याची बोट बाहेर जाणाऱ्या बोटींच्या मधून, त्यांच्या लाटांवर आपटत, सरळ किनाऱ्याकडे येत होती. बरीच जवळ आल्यावर तिनं वेग कमी केला आणि ग्रेचेनच्या मागून, बाहेरच्या बाजूनं चालू लागली. किनाऱ्याकडचं चांगलं पाणी तिच्यासाठी सोडून. ग्रेचेननं चोरून एकदा मागे पाहिलं. त्याचे गळाचे रॉड सगळे उभेच होते. एकही दोरी पाण्यात नव्हती.

"ग्रेचेन," रेडिओ म्हणाला.

तिचं नाव त्या आवाजात तीन वर्षांनी आलं होतं. इर्मानं विणकाम उचललं आणि टाके मोजायला लागली, मोठमोठ्यानं.

"बोल."

"मासा वळताना लागला ना? आतल्या फळीला?"

"तुला काय माहीत?"

"वळताना आतली फळी मंद होते. रंग बरोबर आहे तुझा, वेग जास्त आहे. यंत्रावरच्या आकड्याकडे बघू नकोस, प्रवाह तुझ्या तोंडावर येतोय. फळ्या पाणी उडवताहेत बघ."

तिनं पाहिलं. उडवत होत्या. तीन वर्षं उडवतच असणार. तिनं इंजिनाची कळ जरा मागे घेतली.

"आता?"

"अजून थोडी."

"आता?"

तो ऐकत असणार. तो असाच ऐकायचा, मान तिरकी करून, आणि ती त्याच्या मानेकडे बघत थांबायची.

"आता बरोबर," तो म्हणाला.

बोटीचा आवाज खाली आला होता. किनाऱ्यावरच्या बागेतलं कुत्रं भुंकलेलंही आता ऐकू येत होतं. बराच वेळ दोन्ही बोटी तशाच चालल्या.

"तुझ्या दोऱ्या वर का?" ग्रेचेननं विचारलं.

"सोनेरी नाहीये माझ्याकडे. एकही."

"मग आलास कशाला?" हे इर्मा ओरडली, माईक भावजयीच्या हातात असतानाच. बटण दाबलेलं होतं. सगळ्या सरोवरानं ऐकलं असणार.

नॉर्बनं घसा साफ केला. "रविवारी वारा फिरणार आहे. उत्तरेचा येईल. तेव्हा याहून हळू चालवावी लागेल. तेवढं सांगायचं होतं."

"रविवारी हळू म्हणजे किती हळू, हे मला कोण सांगणार?"

यावर स्टॅन कोवालनंसुद्धा, आयुष्यात पहिल्यांदाच बहुधा, बटण दाबलं नाही.

"आमिष बांधून देणारं कुणी असेल," नॉर्ब म्हणाला, "तर मी सांगेन."

ग्रेचेन पूर्ण मागे वळली. तो पत्र्याच्या बोटीत उभा होता. टोपी काढलेली, केस आता सगळे पांढरे. एवढ्या जवळून तिनं त्याला कधीपासून पाहिलं नव्हतं. किती वाळलाय, तिच्या मनात आलं. भावाकडे खायला घालत नव्हते की काय.

"ग्रेचेन," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम वाढला, "डावी फळी! मागे गेली बघ, मासा आहे!"

"दिसतंय मला," ती म्हणाली.

ती फळीकडे बघतच नव्हती.