बारीक तारा

“आबा, डब्यांखालचा कागुद बदलू का? तेलानं पार माखलाय.” स्वयंपाकघरात स्टुलावर चढलेल्या, घरकामाला येणाऱ्या नंदाबाईंनी विचारलं.

“नको. रजनीने घातलाय तो,” माधवराव म्हणाले. तेवढ्यात फोन वाजला.

पुण्याहून, ताऱ्यांच्या नोंदी गोळा करणाऱ्या संस्थेतली अनघा बोलत होती. माधवरावांच्या वह्यांचे फोटो ती आठवडाभर तपासत होती. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून लोणावळ्याच्या गच्चीवरून एका कोवळ्या ताऱ्याचं तेज ते नोंदवत आले होते. त्या ताऱ्याभोवती अजून धुळीची चकती फिरते. तिच्यातला दाट पुंजका आडवा आला की तारा मंदावतो. कधी, ते कुणालाच सांगता येत नाही.

“काका, तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत चार रात्री तो मंदावल्याचं इतरांनी नोंदवलंय. तुमच्याकडे मात्र रोज एकच आकडा. खरंच तसा दिसला? नाहीतर वही बाजूला ठेवावी लागेल.”

“तेव्हा मला मोतीबिंदू होता. रजनी दुर्बिणीतून बघायची, मी लिहायचो.”

“मग काकूंना विचारून सांगा ना.”

रजनी गेल्या श्रावणात गेली, हे त्यांच्या तोंडून निघालंच नाही. “कळवतो,” म्हणून त्यांनी फोन ठेवला.

‘शेजारच्या ताऱ्यापेक्षा बारीक आहे हो आज, गॅस कमी केल्यासारखा.’ तिचा तो आवाज त्यांना अजून जिन्यातून ऐकू यायचा. चुकीचा आकडा गेला तर पुण्याची जाणती माणसं हसतील, ही त्यांना तेव्हा धास्ती. “धुकं असेल. पुन्हा बघ,” म्हणायचे, आणि ती बघत असतानाच कालचा आकडा लिहून मोकळे व्हायचे. चौथ्या रात्री ती म्हणाली, “तुम्हाला हवा तो लिहा.” त्यानंतर ती गच्चीवर आली नाही.

“बाई सांगायच्या की मला,” फोनवरचं बोलणं ऐकलेल्या नंदाबाई म्हणाल्या. “ ‘तारा बारीक झालाय, पण ह्यांना पटेल तर शपथ!’ लय हसायच्या. मंग गप व्हायच्या.”

“कोणत्या तारखेला?”

“मला काय ठावं? कॅलेंडरावर लिवायच्या समदं. माजे खाडेसुदिक! त्याचीच तर पानं हितं घातल्यात.”

माधवराव उठले. “काढा तो कागद.”

तेलाच्या डब्याखालून फेब्रुवारी निघाला. चार चौकटींत पेन्सिलीने ‘बारीक’. चौथीत त्याखाली दाटीवाटीने, ‘पुन्हा पाहिलं. बारीकच.’

त्यांनी अनघाला फोन लावला आणि एकेक चौकट लिहिली होती तशी वाचून दाखवली.

“निरीक्षक म्हणून तुमचंच नाव ना, काका?”

“नाही. रजनीचं. मी फक्त लिहायचो. तेही नीट नाही.”

नंदाबाई डबा हातात धरून थांबल्या होत्या. फळीवर कागदाएवढी जागा फिकी, उघडी पडली होती.