आबांच्या गोष्टीतला केक आणि मी

नगरजवळच्या केडगावात, यशोधराबाईंच्या स्वयंपाकघरातल्या माळ्यावरून बोलतोय मी. गोल ओव्हन आहे, ॲल्युमिनियमचा, झाकणाला बशीएवढी काच असलेला. सध्या माझ्या पोटात रिकामे डबे आणि लग्नात आलेला चहाचा सेट कोंबलाय, त्यामुळे आवाज जरा दबका येईल.

एका छोट्या कारखान्यात ठोकून मला तयार केलं. खाली एक कॉइल, झाकणात एक, आणि एक जाड वायर. आच कमी-जास्त करायचं बटण मला दिलंच नाही. प्लग लावला की मी तापतो, काढला की गार होतो, बास. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे झालं त्याचा सगळा दोष माझ्याच माथी आला.

१९९४च्या जानेवारीत यशोधरानं मला घरी आणलं. ती झेडपीच्या शाळेत शिक्षिका, नवरा पंकज नागापूरच्या एमआयडीसीत फिटर. तिचे वडील, सहादूआबा, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी खर्ड्याहून आले होते आणि दोन महिने राहणार होते. मला आणलं ते त्यांच्यासाठीच.

यामागे एक गोष्ट होती. बहात्तरच्या दुष्काळात आबा रस्त्याच्या कामावर खडी फोडायचे. सात वर्षांची यशोधरा शेजारी दगडावर बसलेली असायची. भुकेनं ती रडायला लागली की आबा हातोडा न थांबवता सांगायचे, "एक तीन मजली काळं घर हुतं. भिंती मऊ आनि गोड. दोन मजल्यांच्या मधी साय. एक पोरगी आत गेली आनि तिनं जिन्यापासनं खायला सुरुवात केली." पोरगी खात राहायची, घर काही संपायचं नाही. पोरीचं नाव रोज यशोधराच असायचं.

आबा तरुणपणी नगरला एका साहेबाच्या बंगल्यावर भांडी घासायला होते. तिथं असा चॉकलेटचा थरांचा केक व्हायचा, हे तिला मोठेपणी कळलं. तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच होतं.

"आबांनी तो खाल्लाय," ती पंकजला म्हणाली. "मला अगदी तसाच करून द्यायचाय त्यांना."

मासिकातून कापलेला एक कागद तिच्याकडे होता. त्यावर लिहिलं होतं, "मंद आचेवर पस्तीस मिनिटे भाजावा." मंद आच! मी काय करणार? पहिल्या रविवारी केकचा तळ कोळसा झाला आणि मधला भाग पिठल्यासारखा राहिला. यशोधरानं माझ्या झाकणावर चापट मारली. "मेलं कसलं धूड आणलं मी!"

तरी आबांनी कडेचा तुकडा खाल्ला. डोळ्यावर हिरवी पट्टी होती त्यांच्या.

"आबा, असाच होता का?"

"जवळ जवळ," आबा म्हणाले.

दुसऱ्या रविवारी दहाव्या मिनिटाला लाईट गेली ती दोन तासांनी आली. केक मधोमध बसला. तिसऱ्यांदा थर नीट भाजले गेले, पण ते गार व्हायच्या आधीच तिनं मधे साय लावली. ताट उचलताच वरचा मजला घसरला आणि पंकजच्या धुतलेल्या शर्टावर गेला. शेजारच्या मुक्ताबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "एवढ्या वेळात दोन घरच्या पुरनपोळ्या झाल्या असत्या, बाई."

यशोधरानं फडकं घेतलं. तिनं जमिनीवरचं पुसलं, खाली बसली आणि कोकोनं माखलेल्या हातांनीच कपाळ धरलं. मला चिडायचं होतं, पण मी नुसता तापलेला होतो.

त्या दिवशीही तिनं शर्टावर पडण्यापासून वाचलेला थर आबांना दिला आणि तेच विचारलं. आबांनी तेच उत्तर दिलं.

चौथ्या रविवारी तळ करपू नये म्हणून तिनं माझ्या तळाशी वाळू पसरली. मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं. दर पाच मिनिटांनी प्लग काढायची, थोडं थांबून पुन्हा लावायची. मीही जीव लावून तापलो. सकाळपासून दुपारपर्यंत एकामागून एक तीन थर झाले, तिन्ही सारखे फुगलेले. ते पूर्ण गार होऊ दिले. मधे साय-साखर, वरून लोण्यात घोटलेला कोको. काळा, चकचकीत, तीन मजली. पंकजनं तर टाळीच वाजवली.

आबांना आता चष्मा लागला होता. त्यांनी केकभोवती मान फिरवून बघितलं. मग सावकाश खाल्लं.

"असाच होता ना?"

"जवळ जवळ."

यशोधरानं सुरी ताटात आपटली. "काय कमी आहे ते तरी सांगा, आबा! चार रविवार राबतेय मी. साखर कमी आहे? थर जाड झालेत? तुम्ही खाल्लाय, तुम्हालाच माहीत!"

आबांनी चष्मा काढला, धोतरानं पुसला.

"म्या कुठं खाल्लाय, यशे?"

"म्हणजे?"

"ताटल्या घासायचो म्या. त्यास्नी काळं लागलेलं असायचं, राखेनं घासून काढायचो. साय बी तिथंच दिसली. चव कशी म्हाईत असनार?"

"बाईंनी कधी दिला नाही?"

"द्यायच्या की. पोरांनी खाऊन ठेवल्याला. पन छप्पन सालात धम्म घेतला तवाच ठरवलं हुतं, कुनाचं उष्टं खायचं न्हाई. न्हाई म्हनलं. मग त्यांनी बी परत इचारलं न्हाई."

यशोधराला राग आवरेना. "मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"तू उपाशी हुतीस तवा त्या घराचं खोटंच सांगितलं हुतं, पोरी. तू एवढ्या हौसेनं करत हुतीस. तोंड कसं उघडू?"

पंकज उठून बाहेर गेला. यशोधरानं केकचं ताट स्वतःकडे ओढलं. मग तिनं मोठा तुकडा कापला, आबांच्या ताटलीत ठेवला आणि म्हणाली, "घ्या. आता कसा लागतो ते सांगा. नुसतं तेवढंच."

आबांनी पुन्हा घास घेतला. "कडू हाय जरा," ते म्हणाले. "मागनं गोड लागतंय. लई झकास हाय."

तेव्हा तिनं स्वतःसाठी कापला. चार रविवारांत पहिल्यांदाच ती नीट बसून खात होती.

आबा मार्चमध्ये खर्ड्याला परत गेले, केकचा डबा घेऊन. त्यानंतर चार वर्षं शाळेतल्या वाढदिवसांना, पंकजच्या कामगार मित्रांना, मुक्ताबाईंच्या नातवालाही मी केक करून दिला. कुणी कौतुक केलं ते यशोधराचं. करपला की मात्र ओव्हनचं नाव.

गेल्या वर्षी माझी खालची कॉइल जळाली. "नागापूरहून आणतो, तिथं हातोहात मिळते," पंकज म्हणाला. तेव्हापासून तो रोज नागापूरला जातो आणि रोज रिकाम्या हातानं येतो. दिवाळी गेली, उन्हाळा गेला. मी वर चढलो आणि माझ्यात डबे भरले गेले.

पंकजराव, एवढी इंजिनं जोडता तुम्ही, एक कॉइल आणता येईना? येत्या महिन्यात आबा दुसऱ्या डोळ्यासाठी येतायत. डबे काढा माझ्यातले. वाळू मी सांगतो किती घालायची ते.