मालिसची घुंगरं

कुंथिया जमिनीवरच्या गावात वाढलेली. लग्न होऊन ती तोनले साप नावाच्या सरोवरावर, तरंगत्या घरात आली, तेव्हा कित्येक दिवस तिला झोपेतसुद्धा घर हललेलं कळायचं. हळूहळू त्याची सवय झाली. पाण्याची भीती मात्र मनातून गेली नाही, आणि लेक लीदा पावलं टाकायला लागली तेव्हा तर त्या भीतीने डोकंच वर काढलं. घराच्या चारही बाजूंना पाणी. आत स्वयंपाक करताना कुंथियाचं निम्मं लक्ष चुलीवर आणि निम्मं पोरीच्या पावलांवर असायचं.

सरोवरावरच्या सगळ्या आयांसारखी तीही लीदाच्या कमरेला दोरी लावून तिला खांबाला बांधून ठेवायची. एका सकाळी मागच्या फळ्यांवर ती सासूबरोबर खारवायचे मासे साफ करत बसली होती. मागे टुप्प असा एवढासा आवाज झाला. मासा उडाला असेल, असं तिला वाटलं. सहज मान वळवली, तर खांबाची गाठ सुटलेली आणि दोरीचं टोक फळ्यांवरून सरसर सरकत पाण्याकडे निघालेलं. कुंथियाने त्या टोकावर अंग टाकलं आणि दोन्ही हातांनी दोरी ओढली. लीदा वर आली ती निळी पडलेली. सासूने तिला उलटी धरून पाठीवर थापट्या मारल्या, तेव्हा कुठे पोर खोकली आणि रडली.

त्यानंतर कुंथिया लीदाला खाली ठेवीनाच.

"किती दिवस कडेवर घेऊन बसशील?" नवरा विचेत म्हणाला. "मासे कोण साफ करणार?"

"चुलीत गेले तुझे मासे! एवढासाच आवाज झाला रे. मासा वाटला मला. मासा!"

चालली की वाजावा म्हणून विचेतने डब्यात खडे घालून तो पोरीच्या कमरेला बांधला. लीदाने जेवणाआधीच तो ओढून काढला आणि पाण्यात फेकला.

सासू सारुन हे सगळं बघत होती. दुपारी ती पितरांच्या देव्हाऱ्याखालची पेटी घेऊन बसली आणि तिने आतलं गाठोडं सोडलं. त्यात घुंगरांचे दोन पट्टे होते. सारुनची थोरली बहीण मालिस नाचाच्या मंडळीत होती, तिच्या पायातले. पोल पोतच्या जुलमी राजवटीत नाचणारीण म्हणून कळलं असतं तर जीव गेला असता, म्हणून मालिसने एकेका घुंगरात चिंध्या कोंबून ते लपवले होते. पुढे मालिस गेली, घुंगरं सारुनकडे राहिली, चिंध्यांसकट. कुंथियाने एकदा हात लावला होता तेव्हा सासू खेकसली होती, "वाजवू नकोस!"

आता ती जाळं विणायच्या सुईने स्वतःच चिंध्या उपसत होती. पहिलं घुंगरू मोकळं होऊन वाजलं आणि म्हातारी दचकली. मान वळवून तिने दाराकडे पाहिलं.

"माय, नको," कुंथिया हलकेच म्हणाली. "ठेवा परत. आपण दुसरं काहीतरी बघू."

"गप बस. पोरीचा पाय धर."

मालिसचे पट्टे लीदाच्या पायाला फार मोठे होते. सारुनने थोडी घुंगरं सोडवून, मऊ कापडावर शिवून दोन लहान पट्ट्या केल्या आणि पोरीच्या घोट्यांना बांधल्या. लीदा उभी राहिली, एक पाय आपटला, आवाज ऐकून खदखदून हसली आणि घरभर नाचत सुटली. समोरच्या घरातली रीममावशी ओरडली, "काय गं, लग्न काढलंय का घरात? केव्हाची छमछम, छमछम!"

पहिले काही दिवस सारुन प्रत्येक आवाजाला दचकायची. जेवताना घास हातात तसाच राहायचा. "राहू दे, होईल सवय," असं ती कुंथियाला सांगायची, पण चेहरा पांढरा पडलेला असायचा.

मग एका दुपारी आवाज थांबला.

विचेत जाळी टाकायला गेला होता. कुंथिया भात शिजवत होती, सासू दोन खांबांना बांधलेल्या झोळीत पडली होती. कुंथियाने श्वास रोखून कान दिले. काही नाही. "लीदा!" उत्तर नाही. ती बाहेर धावली. एरवी झोळीतून उठायला तीनदा कण्हणारी सारुन तिच्या आधी बाहेर पोचली होती.

घराला बांधलेल्या छोट्या होडीच्या काठावर लीदा पोटावर लटकली होती. तोंड पाण्याला टेकलेलं, हात वाहत्या जलपर्णीच्या फुलाकडे, पाय वर हवेत. म्हणून घुंगरं गप्प. होडी एका बाजूला कलली होती.

कुंथिया किंचाळणार, तोच सारुनने तिचं मनगट दाबलं. "ओरडू नकोस. दचकेल. होडीत पाय टाकू नकोस, उलटेल." म्हातारी गुडघ्यावर बसली आणि होडीचा दोर हळूहळू ओढायला लागली. "लीदा, फूल हवंय माझ्या सोन्याला? आजी देते हं. हलू नकोस." वीतभर, मग आणखी वीतभर. कुंथिया हात पुढे करून फळ्यांच्या कडेला बसली. होडी फळ्यांना टेकली आणि तिने झडप घालून घुंगरांसकट लेकीचा घोटा पकडला.

लीदा फुलासाठी रडत राहिली. आत भात करपल्याचा वास सुटला, पण दोघींनाही उठवेना. सारुन म्हणाली, "इतकी वर्षं मला वाजण्याचीच भीती होती गं." तिने लीदाचा ओला पाय मांडीवर घेतला आणि पट्टी पुन्हा घट्ट केली.

संध्याकाळी विचेतने बांबूचं कुंपण ठोकलं. एक बाजू वाकडीच झाली. दुसऱ्या दिवशी रीममावशी आली, तिचा नातू नुकता रांगायला लागला होता. ती इकडचं तिकडचं बोलत बसली, मागण्याचं धाडस मात्र होईना. सारुनने पेटीतून उरलेली घुंगरं काढली, त्यातली मूठभर तिच्या ओंजळीत घातली आणि म्हणाली, "कापडावर शिव. दोऱ्याने काचतील."

आता समोरच्या घरातही घुंगरं वाजतात. ती थांबली की कुंथिया हातातलं काम टाकते, कुंपणाशी येते आणि मावशीला हाक मारते.