चेंबरमधलं तेल

घरच्या डाळमिलचं जनरेटर तापलं की ऑइल प्रेशरचा काटा खाली बसायचा आणि इंजिनाच्या पोटातून बारीक टकटक यायची. ढाणकीच्या आयटीआयत इंजिनाचं काम शिकलेल्या जयाला तो आवाज ओळखीचा होता.

"बेरिंगा झिजून राह्यल्या," ती नवऱ्याला, उकंडाला म्हणाली. "तेल तं आत्ताच बदललं. मग काहून झिजन?"

तेलपाण्याचं सगळं खेमसिंगकडे. मिल सुरू झाल्यापासूनचा ऑपरेटर, तांड्यावरून सायकलनं यायचा. चांगलं तेल बाहेर विकून हा जळकं तर ओतत नाही? जयाच्या मनात पाल चुकचुकली. मग त्याचं सगळंच खुपायला लागलं. हा सगळ्यांच्या आधी कायले येते? जनरेटरच्या खोलीचं दार लोटून का घेते?

एका सकाळी ती लवकर गेली आणि दार ढकललं. खेमसिंग चेंबरमधलं, म्हणजे इंजिनाच्या तळातलं तेल डब्यात काढत होता.

"हे काय, खेमसिंगभाऊ?"

तो दचकला. "काही नाही, ताई. तेल जादा झालतं."

"तेल काय आपोआप वाढते? सरळ चोरी म्हणा ना!"

खेमसिंगचा चेहरा पडला. त्यानं पाना इंजिनावर ठेवला, सायकल काढली आणि गेला.

दुपारी जयानं उकंडाला हाताशी घेऊन चेंबर उघडलं. बेरिंगांवरचा चकचकीत थर गेला होता, खालचं तांबं दिसत होतं. पण कचऱ्याचा एक ओरखडा नव्हता. जळकं, घाण तेल असतं तर चरे पडले असते. तिनं तेल बोटांत चोळलं. पाण्यासारखं पातळ. नाकाशी नेलं, तर डिझेलचा भपका.

म्हणजे तेल खरंच वाढत होतं. डिझेल झिरपून. आणि त्या पातळ तेलानंच बेरिंगा झिजत होत्या.

तिनं इंजिनाला डिझेल पुरवणारा फीड पंप खोलला. आतलं सील वाकडं बसलेलं होतं, आणि बोल्टांवर पान्याच्या ताज्या खुणा होत्या.

ती तशीच तांड्यावर गेली. खेमसिंग ओट्यावर बसला होता.

"पंप कोणी खोलला होता?"

"म्याच," तो खाली बघत म्हणाला. "गळून राह्यलता, म्हटलं आपणच करून टाकू. मंग तेल चढाले लागलं. भेव वाटलं, म्हणून गुपचूप काढत होतो."

दोष खेमसिंगच्याच हातचा निघाला, आपण अगदीच चुकलो नव्हतो, हे कळून जयाला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याचीच लगेच लाज वाटली.

"मले सांगाचं होतं ना, भाऊ."

"तुम्ही मले चोर समजूनच पाहून राह्यल्या होत्या, ताई. सांगतलं असतं तं खरं वाटलं असतं?"

जया ओट्याच्या कडेला टेकली. "चोर म्हटलं ते चुकलंच माहं," ती म्हणाली. "बेरिंगा आणतो. बसवाले या."

तो लगेच आला नाही. आला तेव्हा दोघांनी मिळून बेरिंगा बसवल्या, नवं सील लावलं. इंजिन तापलं तरी काटा जागचा हलला नाही. खेमसिंग समाधानानं हसला. जयाही हसली, पण तो पंपाचे बोल्ट कसत होता तेव्हा तिची नजर त्याच्या हातांवर होती, आणि ते त्यालाही कळत होतं.