खिंडीच्या वाऱ्याचा बाण

मी एक जुना लोखंडी बाण आहे, मित्रांनो. पुस्तकात मला वातकुक्कुट म्हणतात, पण गाव मला बाणच म्हणतं. वारा जिकडून येतो तिकडे तोंड करायचं, एवढंच माझं काम.

गावच्या लोहाराने मला एका मोडक्या नांगराच्या फाळापासून घडवलं आणि पोस्टाच्या छपरावर बसवलं. खाली पोस्टमास्तरीणबाई असत. सकाळी एकदा, दुपारी एकदा त्या अंगणात येत, मान वर करून मला बघत आणि वहीत दिशा लिहीत. मग शहरातल्या हवामान कार्यालयाचा फोन येई. त्यांचा अंदाज बाई दाराजवळच्या फळ्यावर खडूने लिहीत.

अंदाज बहुतेक खरा ठरे. पण गावाच्या पूर्वेला दोन टेकड्यांमध्ये एक खिंड आहे, ती शहरातून दिसत नाही. कधीकधी ऐन दुपारी तिच्यातून उलटा वारा सुटतो. त्याआधी तासभर मी जागच्या जागी थरथरतो. हे बाईंनी सात वर्षांच्या नोंदींवरून ओळखलं होतं.

एकदा फळ्यावर 'दिवसभर पश्चिमेचा मंद वारा' असं होतं. बाईंचे धाकटे दीर, आपले गिरणीवाले, पूर्वेकडच्या शेतातली धसकटं पेटवायला निघाले. पश्चिमेच्या वाऱ्याने आग गावापासून लांब, नदीकडे गेली असती. मी थरथरू लागलो. बाई टपाल तसंच टाकून धावल्या.

"भावोजी, काडी टाका खाली!"

"अहो वहिनी, तुम्हीच तर फळ्यावर लिहिलंय!"

"लिहिलंय मी, पण शहरवाल्यांना आपली खिंड ठाऊक नाही. तासभर थांबा."

गिरणीवाले कुरकुरत बांधावर बसले. अर्ध्या तासात वारा फिरला आणि त्यांची टोपी उडून थेट गावाच्या दिशेने गेली.

"टोपी गेली, गाव राहिलं," ते म्हणाले. त्यानंतर वर्षभर येणारे-जाणारे माझ्याकडे कौतुकाने बघत.

पुढे बाई निवृत्त झाल्या. नव्या पोस्टमास्तरांना अंदाज मोबाईलवर मिळे. फळा पुसला गेला, वही माळ्यावर गेली. मला तेल घालायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. चार पावसाळ्यांत माझ्या खुंटीला गंज चढला आणि मी पश्चिमेकडे तोंड करून अडकलो.

अशाच एका दुपारी खिंडीचा वारा आला. तो माझ्या शेपटीवर आदळत होता. मी हललो नाही. गिरणीवाल्यांनी शेतातून वर पाहिलं, बाण पश्चिमेकडे होता. त्यांनी काडी लावली.

आग गावाकडे आली. सुताराची वखार जळाली. त्याच्या म्हाताऱ्या आईला चौघांनी खाटेसकट बाहेर काढलं. गिरणीवाल्यांचे दोन्ही हात पोळले. छपरावरून मला सगळं दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी माणसं पोस्टासमोर जमली. सुतार म्हणाला, "काढून टाका तो लबाड बाण!"

पोस्टमास्तरीणबाई काठी टेकत आल्या होत्या. "लबाड कसा? त्याला चार वर्षांत तेलाचा थेंब कुणी दिला का? मीही दिला नाही. घर चार पावलांवर माझं."

मग गिरणीवाले हळूच म्हणाले, "वारा माझ्या मानेला लागत होता, वहिनी. तरी मी वरच बघितलं."

लोहाराची मुलगी शिडीवरून चढली. बाईंनी खालून शिडी धरली. दिवसभर गंज खरवडल्यावर मी फिरलो. वखार पुन्हा उभी करायला मात्र सुताराला दोन हंगाम लागले. हात बरे झाल्यावर गिरणीवाले रोज त्याच्याकडे लाकडं वाहायला जात. फळाही तेच लिहू लागले. अक्षर वेडंवाकडं असतं, पण वाचता येतं.

मित्रांनो, माझ्यासारखी मुकी वस्तू बिघडली तरी ओरडत नाही. ती आधीसारखीच दिसते, म्हणून तिच्यावर विश्वास बसतो. तेव्हा वाऱ्याची दिशा मला जरूर विचारा. पण त्याआधी मी फिरतोय ना, तेवढं बघून घ्या.